छत्रीची जागा

रविवारी सकाळी सातला स्वरूपा मैदानावर आली तेव्हा स्टेडियम तयार होतं. फक्कीचं. घराचा पाया खणण्याआधी चुन्याच्या रेघा मारतात, तशा गणराजने शनिवारी चार माणसं लावून नकाशाबरहुकूम अख्ख्या शेतावर मारून घेतल्या होत्या. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पवनेवरून धुकं आलं होतं आणि पुनावळ्याचे वीस-वीस मजली टॉवर कमरेखालून नाहीसे झाले होते. पांढऱ्या रेघा मात्र दिसत होत्या. गेट नंबर एक, गेट नंबर दोन, पूर्व स्टँड, पश्चिम स्टँड. कुणीतरी रात्रीतून स्वप्न पाहावं आणि सकाळी ते पुसायला विसरावं, तसं ते दिसत होतं.

"ज्याला जी जागा आवडेल तिथं खुर्ची टाकून बसा!" गणराज ओरडून सांगत होता. मांडववाल्याच्या लाल खुर्च्यांचा टेम्पो त्याने मागवला होता. हा तिचा नवरा हौशी, जमिनीच्या धंद्यात असूनही हौशी. एका सहीसाठी सबंध गावाला स्वप्नात बसवायची कल्पना त्यालाच सुचू शकते.

लोक खरंच बसत होते. वाकडहून आलेली आयटीतली पोरं पश्चिम स्टँडच्या रेघांत खुर्च्या मांडून सेल्फी काढत होती. समोर काही नव्हतं, नुसतं धुकं, आणि त्यात स्वरूपाची करिष्मा एकटीच बॉल घेऊन पळत होती. पवनाकाठच्या मुलींच्या टीममध्ये ती डावीकडून खेळायची. धुक्यात गेली की फक्त बॉलचा आवाज यायचा.

स्वरूपाने वडिलांचा हात धरला होता. उद्धवराव काल संध्याकाळी चिखलीहून मुक्कामाला आले होते. लातूरजवळच्या औशाकडून भोसरीच्या कारखान्यात, प्रेस शॉपला आलेला माणूस, तिथूनच रिटायर झाला, पण बोलणं औशालाच राहिलं.

"अण्णा, ही तुमची जागा. पूर्व स्टँड, तिसरी रांग, बरोबर मधोमध."

उद्धवराव खुर्चीवर बसले. सिनेमाच्या थेटरात बसावं तसे हात मांडीवर ठेवून, ताठ.

"छान हाय की गं."

"रेघ दिसते ना?"

"दिसती की. पांढरी."

रेघ त्यांच्या पायाखाली होती. अर्धी चप्पल चुन्याने माखली होती आणि ते मात्र समोर, भलतीकडेच बघत होते.

काचबिंदू. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजर कडेकडेने मिटत येते, मधलं तेवढं राहतं. थेंब टाकत राहायचे, पण दीड वर्षानंतरचं काही सांगता येत नाही. आणि इंजिनिअरने सांगितलं होतं, स्टेडियमला तीन वर्षं. या दोन्ही गोष्टी तिला महिनाभर ठाऊक होत्या. पण त्या एकमेकींशेजारी मांडून पाहण्याचं धाडस तिने आज, त्या चपलेकडे बघताना केलं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. दोन वर्षं तीच नवऱ्याच्या मागे लागली होती, स्टेडियम करा, स्टेडियम करा. सहा हजार खुर्च्यांतली तिला एकच हवी होती.

लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तिचे वडील दर मॅचला बसने येतात आणि तारेच्या कुंपणाबाहेर, पंपघराजवळच्या दगडावर बसून खेळ बघतात. आत जायला सीझन पासचा बिल्ला लागतो. पंपघराची भिंत मध्ये येते, त्यामुळे त्यांना निम्मंच मैदान दिसतं. उत्तरेकडचा गोल त्यांनी आजवर पाहिलेलाच नाही. तिकडे गोल झाला की ते आरोळीवरून ओळखतात आणि बाहेर पडणाऱ्या माणसांना विचारतात, "कुणी मारला?"

* * *

गणराजच्या काखेत फाइल होती आणि फाइलमध्ये एकच सही बाकी होती, बापाची. उद्या सकाळी जेसीबी येणार होता. पुढच्या रविवारी सुरू होणारा सीझन तळेगावच्या भाड्याच्या मैदानावर खेळायचा ठरला होता. सगळं ठरलं होतं. फक्त आबा काही ठरवत नव्हते.

आबा, म्हणजे रंगराव, बांधावर बसले होते, एक नंबरच्या जागेवर. मैदानाच्या पश्चिमेला हा मातीचा बांध आणि त्यावर दगडांवर रंगाने टाकलेले तीनशे साठ आकडे. पवनाकाठ फुटबॉल मंडळाचा सीझन पास म्हणजे पितळी बिल्ला. रंगराव टूलरूममध्ये होते तेव्हा कामगार खिडकीत बिल्ला ठेवून हत्यार न्यायचे, हत्यार परत दिलं की बिल्ला परत मिळायचा. कंपनीने कार्डं आणली, बिल्ले भंगारात निघाले, ते रंगरावांनी उचलून आणले. तीनशे साठ होते. बांधावर माणसंही तेवढीच बसत. झालं, नियम ठरला. एक बिल्ला सुटेल तेव्हा रांगेत असलेल्यांच्या वहीतल्या पुढच्या नावाला मिळेल, मग तो आमदार असो नाहीतर घरचा असो. गणराज स्वतः अकरा वर्षं वहीत होता. बापाच्याच शेतात, बापाच्याच कुंपणाबाहेर उभा राहून त्याने अकरा सीझन काढले होते. हे तो हसत सांगायचा, पण विसरला नव्हता.

"आबा, प्रज्वलचा फॉर्म बघा एकदा."

धाकटा प्रज्वल मोबाइल घेऊन पुढे झाला. वाकडला अकराव्या मजल्यावर राहणारा हा भाऊ एरवी घरच्या भानगडीत पडत नसे. "आबा, दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन फॉर्म टाकला होता, सीझन पास कोणाला हवाय म्हणून. चार हजार दोनशे नावं आली. आपल्या वहीच्या वेगानं द्यायचं म्हटलं तर शेवटच्याचा नंबर लागायला साडेतीनशे वर्षं लागतील."

"मग थांबतील की," रंगराव म्हणाले.

शेजारून कोंडाजी हसले. रंगरावांचे टूलरूमपासूनचे जोडीदार, बिल्ला नंबर दोन. "आन् खुर्चीवर बसून कसला फुटबॉल? खुर्चीवर बसून मानूस जेवायची वाट बघतो, गोलाची न्हाई."

तेवढ्यात वाकडच्या पोरांपैकी एक जण बांध चढून आला आणि रंगराव व कोंडाजी यांच्यामध्ये बसायला वाकला.

"तितं छत्री हाय," रंगराव म्हणाले.

"उचला ना काका. पाऊस कुठंय?"

"छत्री बसलीय तितं."

बांधावर हशा पिकला. ही छत्री जुनीच होती, काळी, लाकडी मुठीची. दिवाळी ते होळी, सगळा कोरडा सीझन ती रंगरावांच्या डाव्या बाजूला माणसाएवढी जागा अडवून आडवी असायची. कुणी टेकलं की रंगराव खेकसायचे. "चार हजार लोक रांगेत," प्रज्वल पुटपुटला, "आणि आपल्याकडं छत्रीला सीझन पास."

"आबा," गणराज खाली बसला. त्याने आवाज मऊ केला. "बघा तरी समोर. सहा हजार लोक बसलेत असं समजा. आपल्या शेतात. वहीत नाव घालून कुणाचं पोरगं बाहेर उभं राहणार न्हाई. मी उभा होतो, आबा. मला म्हाईत हाय ते काय असतं."

रंगराव धुक्याकडे बघत राहिले. त्यांना तो समोर खरंच दिसला असावा, वीस वर्षांचा गणराज, तारेला बोटं अडकवून उभा. त्यांनी हात पुढे केला.

"दे पेन."

गणराजने पेन उघडून त्यांच्या हातात दिलं. त्याने फाइल उघडली. आणि मागून बायकोचा आवाज आला.

"आबा, आज सही करू नका. होळीनंतर करा."

गणराज वळला. "स्वरूपा?"

"हा सीझन इथंच होऊ दे."

"अगं, दोन वर्षं तूच माझं डोकं खाल्लंस! झोपेतसुद्धा स्टेडियम बोलायचीस. उद्या जेसीबी येतोय, इंजिनिअरला शब्द दिलाय, आणि आज तू..."

"मी बोलत होते ते अण्णांसाठी," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण तिने तो आवरला नाही. "त्यांचे डोळे चाललेत. वर्ष, दीड वर्ष. तुमचं स्टेडियम होईल तेव्हा मी त्यांना त्या खुर्चीवर नेऊन बसवीन आणि त्यांना काही दिसणार नाही. एकोणीस वर्षं माझा बाप दगडावर बसलाय, आबा. एक सीझन त्यांना आत बसू द्या. बस, एक."

खाली करिष्माचा बॉल कुठेतरी थांबला.

* * *

अंबूबाई चहाची किटली घेऊन बांधाच्या पायऱ्या चढत होत्या. सुनेचा शेवटचा शब्द त्यांनी ऐकला आणि तिथेच किटली खाली ठेवली. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बावीस धडधाकट माणसं एका बॉलमागं का पळतात, आणखी दोन-चार आणून टाकावेत की, हे त्यांचं पन्नास वर्षांचं मत होतं. पण माणसं त्यांना कळायची.

त्यांनी पाहिलं, उद्धवराव लेकीच्या मागोमाग बांधापर्यंत आले होते आणि खाली उभे होते. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. चेहरा असा झाला होता जसं भरल्या पंगतीत कुणी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवावं.

"स्वरूपा, खाली ये," उद्धवराव म्हणाले. "उगं कायबी बोलू नगंस. रावसाहेब, तुमी सही करा. माज्या डोळ्यापायी एवढ्या लोकायला थांबवताव व्हय? मला दगडावरनं बरं दिसतंय."

"अण्णा, निम्मं दिसतंय!"

"निम्मं तर निम्मं. ऱ्हायलेलं ऐकू येतंय."

अंबूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रंगरावांच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं आणि मान खाली. ही मान त्या ओळखत होत्या. चूक झाली की हा माणूस कुणाला चूक म्हणत नाही, मान खाली घालून बसतो आणि सगळ्यांना वाटतं, विचार करतोय.

त्या पायऱ्या चढून वर आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"द्येवाऱ्यात बिल्ला हाय, त्यो कुनाचा?"

रंगराव वर बघेनात.

"एकोणीस दिवाळ्या मी त्यो चिंचंनं घासतीया. द्येवांच्या टाकांसंगती. म्या कदी इच्यारलं न्हाई. म्हनलं, ठिवला आसंल कायतरी नवसाचा. आज इच्यारती. कुनाचा हाय?"

"कोणता बिल्ला?" गणराज गोंधळला. "तीनशे साठ वाटलेत. शिल्लक नाहीच."

"करिष्मा!" अंबूबाईंनी हाक दिली. "पळ, द्येवाऱ्यातला बिल्ला घिऊन ये."

घर मैदानाला लागूनच होतं. पोरगी धुक्यात गेली आणि धुक्यातून आली. तेवढ्या वेळात कुणी चहासुद्धा ओतला नाही. तिने बिल्ला आजीच्या नाही, बापाच्या हातात दिला. गणराजने तो उलटापालटा केला, आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"तीनशे एकसष्ट."

कोंडाजी उठून उभेच राहिले. "रंग्या! म्हंजे एकोनीस वर्सं तू बोगस बिल्ला द्येवात ठिवलाय? मला पोराचं नाव वहीत दोन जागा वर करू दिलं न्हाईस, लेका!"

* * *

रंगरावांना हे कधीतरी सांगावं लागेल हे माहीत होतं. फक्त असं, सगळ्यांसमोर, गार चहाशेजारी सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"लेथवर कापला," ते म्हणाले. "पोराचं लग्न जमलं त्या आठवड्यात. आकडा लोखंडी पंचानं ठोकला."

मग ते उद्धवरावांकडे बघून बोलू लागले. "उद्धवराव, तुमचं नाव वहीत हुतं. लग्नाच्या आदीपास्नं. स्वरूपाचं जमलं आन् तुमी येऊन म्हनला, नाव खोडा. म्या इच्यारलं का, तर म्हनला, लोक म्हनतील लेक देऊन बिल्ला घेतला."

"मनलो होतो," उद्धवराव म्हणाले.

"तुमीच माज्या देखत खोडलं. त्या रात्री मला झोप न्हाई. दुसऱ्या दिशी टूलरूमात गेलो आन् ह्यो बिल्ला केला. पर वहीत नाव न्हाई त्याला द्यायचा कसा? तीनशे साठ लोकास्नी काय तोंड दाखवू? म्हनलं, मागतील कदीतरी. एकदा म्हनलं आसतं, रंगराव, एक बिल्ला बघा, तर तितंच हातावर ठिवला आसता. मागितला म्हनून दिला, आसं लोकास्नी सांगता आलं आसतं. म्या वाट बघत ऱ्हायलो."

उद्धवराव खालून वर बघत होते. त्यांना रंगरावांचा चेहरा दिसत होता की नाही कुणास ठाऊक, पण ते बघत होते.

"लेकीच्या दारात मागत नसतेत, रावसाहेब," ते म्हणाले. "ते कसं मागावं मानसानं?"

दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांच्या त्या बरोबर असण्यात एकोणीस वर्षं गेली होती. एक माणूस कुंपणाच्या आत वाट बघत बसला, एक बाहेर, दोघांमध्ये पन्नास पावलांचं अंतर. स्वरूपा रडत होती आणि हसतही होती. तिला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"आता घ्या की मग," प्रज्वल म्हणाला. "आबा देतायत ना."

"न्हाई," उद्धवराव म्हणाले. "आता तर न्हाईच. आता डोळ्याची दया हाय त्यात. सही करा रावसाहेब, मी जाऊन बसतो माज्या दगडावर."

ते वळलेसुद्धा. चुन्याने पांढरी झालेली चप्पल फक्कीच्या रेघेवरून, गेट नंबर दोनमधून बाहेर निघाली.

"थांबा!" रंगराव ओरडले. टूलरूमच्या खिडकीतून ओरडायचे तसे. "उद्धवराव, लग्नात आमी काय मागितलं हुतं?"

उद्धवराव थांबले. "कायबी न्हाई. नारळ आन् मुलगी, मनले होते तुमी."

"एकोनीस वर्सांत काय मागितलं?"

"कायबी न्हाई."

"मुलाकडचा मानूस हाय मी. मला मागायचा हक्क हाय का न्हाई?"

अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना पुढचं कळलं होतं.

"आज मागतो," रंगराव म्हणाले. आवाज आता ओरडण्याचा राहिला नव्हता. "हा सीझन माज्या शेजारी येऊन बसा. मला एकट्याला बघवत न्हाई. ह्यो कोंड्या नुस्ता घोरतो. तुमी मुलीचा बाप हाय. व्याह्यानं तोंडानं मागितलं तर तुमाला न्हाई म्हनता येत न्हाई."

त्यांनी डावा हात खाली नेला, छत्री उचलली आणि मांडीवर घेतली. दगडावर तिची लांबट कोरडी जागा उघडी पडली. धुक्याने सगळा बांध ओला झाला होता, तेवढाच तुकडा कोरडा होता. त्यावर आकडा नव्हता. गणराजने ती जागा हजारदा पाहिली होती आणि प्रत्येक वेळी तिथे त्याला छत्रीच दिसली होती. अकरा वर्षांचा जुना राग त्याने मनात शोधून पाहिला. तो होता तिथेच होता, पण बापाकडे बघताना आज त्याला तो धरून ठेवता येईना. त्याने फाइल मिटली, बाजूला गेला आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. "भाऊ, उद्याचं राहू दे. होळीनंतर. हो, नक्की. नाही, काही अडचण नाही, घरचं कार्य निघालंय."

स्वरूपा बाजूला झाली. बापाला हात द्यायला ती पुढे गेली नाही, आणि ते तिने मुद्दाम केलं. उद्धवराव एकेक पायरी चाचपत चढले. कोंडाजींनी तक्रार न करता गुडघे आवरून घेतले. उद्धवराव कोरड्या दगडावर टेकले. रंगरावांनी त्यांच्या तळहातावर बिल्ला ठेवला आणि स्वतः लगेच दुसरीकडे बघू लागले.

"छत्रीला आता कुटं ठिवू?" रंगराव म्हणाले.

"द्या माज्याकडं."

अंबूबाईंनी चहा ओतला. गार झाला होता, तरी सगळ्यांनी घेतला. खाली वाकडची पोरं अजून आपापल्या लाल खुर्च्यांत बसून होती; त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ऊन निघालं तसं धुकं नदीकडे सरकू लागलं. टॉवरांना पाय फुटले. दवाने फक्कीच्या रेघा फिकट झाल्या होत्या, पूर्व स्टँड अर्धा गेला होता.

करिष्मा बॉल घेऊन मैदानाच्या मध्यावर उभी होती. तिने बांधाकडे पाहिलं, मग बॉल पुढे टाकला आणि डावीकडून पळत सुटली, रेघा तुडवत, कुणीही अडवायला नसताना अंगात आल्यासारखी चकवे देत. लांबच्या टोकाला दोन गंजके खांब आणि एक आडवी नळी होती. जाळं अजून लावलेलं नव्हतं. तिने डाव्या पायाने फटका मारला. बॉल खांबांमधून पलीकडे गवतात गेला.

उद्धवराव मान वाकडी करून, नजरेच्या मधल्या उरल्यासुरल्या भागात ते टोक धरून बघत होते. बराच वेळ बघत होते. मुठीत बिल्ला होता आणि मांडीवर छत्री.

"रावसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "हाच का उत्तरेकडचा गोल?"

"व्हय," रंगराव म्हणाले. "त्योच."